साहेब झाल्यावर मन कुणापाशी मोकळे करावे?

वाचकाचे पत्र

मी बेळगावच्या उद्यमबाग भागातील एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकारखान्यात, सोळा वर्षे काम करतो. आयटीआय करून मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे भरायला, लागलो. गेल्या वर्षी मालकांनी मला प्रॉडक्शन इन्चार्ज केले. हाताखाली चाळीस माणसे आहेत, त्यांतली निम्मी मराठी आणि निम्मी कन्नड. काही महिन्यांपूर्वी मला नेतृत्वविकासाच्या एका कार्यशाळेला पाठवण्यात आले. तिथे सांगितले की मुखवटा काढा, आपली भीती आपल्या माणसांना मोकळेपणाने सांगा, म्हणजे ती तुमच्यावर विश्वास ठेवतील. मी परत आल्यावर शिफ्ट सुरू होताना सगळ्यांना जमवून मनातले सगळे सांगितले. रात्री झोप लागत नाही, घराचे कर्ज आहे, रिजेक्शन (नाकारला जाणारा माल) कमी झाले नाही तर बाहेरचा माणूस आणू असे मालक म्हणाले आहेत, हे सारे बोललो. आठ दिवसांत कंपनी बंद पडणार अशी कुजबुज सुरू झाली, दोन चांगली पोरे दुसरीकडे गेली आणि मागून 'साहेबांची झोप झाली काय ओ?' अशी चेष्टा ऐकू येऊ लागली. तेव्हापासून मी कडक झालो. मध्यंतरी बैलहोंगलकडच्या एका पोराला साचे ओले ठेवले म्हणून सगळ्या शिफ्टसमोर फाडून खाल्ले. नंतर कळले की त्या दिवशी वाळूच ओली आली होती. मी काही बोललो नाही. ज्यांच्याकडे मी काम शिकलो ते मामाही माझ्याच हाताखाली आहेत. त्यांची नजर हल्ली कमी झाली असावी, त्यांचे पीस जास्त रिजेक्ट होतात, पण त्यांना काय सांगणार? मालक विचारतात तेव्हा 'होईल साहेब' एवढेच म्हणतो. बायको म्हणते, तुम्ही घरीही शिफ्टमध्येच असता. माणूस राहून साहेब होता येते का, की ते व्याख्यानापुरतेच असते?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात कार्यशाळेवर बराच मजकूर आहे आणि मामांवर जेमतेम दोन वाक्ये. मला मात्र गाठ त्या दोन वाक्यांत दिसते. तिथपर्यंत जाण्याआधी त्या सकाळच्या बोलण्याचा विचार करू, कारण ते फसल्यामुळे खरे बोलणेच चुकीचे, असा निष्कर्ष तुम्ही काढून बसला आहात आणि तो निष्कर्ष तुम्हाला रोज थोडा अधिक कडक करत चालला आहे.

तुम्ही जे बोललात ते खोटे नव्हते. ते चुकीच्या माणसांपुढे बोलले गेले. हाताखालचा माणूस मित्रासारखा ऐकत नाही, कारण त्याला तसे ऐकणे परवडत नाही. मित्र तुमचे दुःख ऐकून घरी जातो आणि जेवून झोपतो. हाताखालचा माणूस तेच ऐकून पगार वेळेवर होईल का, मुलाची फी कशी भरायची, आत्ताच दुसरीकडे विचारून ठेवावे का, असा हिशेब मांडतो. शिवाय त्याला तिथून उठून जाता येत नाही. 'साहेब, हे मला सांगू नका' असे म्हणायची सोय त्याला नाही. ज्याला ऐकण्यास नकार देता येत नाही त्याच्यापुढे आपली भीती ओतणे म्हणजे आपले ओझे त्याच्या डोक्यावर ठेवणे होय, मग ते कितीही प्रामाणिकपणे ठेवलेले असो. जी दोन पोरे गेली त्यांनी विश्वासघात केला नाही, मिळालेल्या माहितीवर शहाणपणाने निर्णय घेतला.

अशा कार्यशाळांशी माझे वैर नाही. पण त्यांतली उदाहरणे बहुधा अशा कार्यालयांतून येतात जिथे बोलणारा आणि ऐकणारा एकाच मेजाभोवती बसलेले असतात आणि दोघांच्याही हाती दुसऱ्या नोकरीचे पर्याय असतात. नेतृत्वाच्या अभ्यासक हर्मिनिया इबारा यांनी २०१५ मध्ये नेमका तुमच्यासारखाच एक प्रसंग मांडला होता. आरोग्य क्षेत्रातील एका संस्थेत नव्याने मोठी जबाबदारी आलेल्या बाईंनी आपल्या माणसांना सांगितले की हे काम मला करायचे आहे, पण मला भीती वाटते आणि तुमची मदत हवी आहे. लोकांना खंबीर माणूस हवा होता, त्यामुळे बाईंचे वजन वाढण्याऐवजी घटले. इबारांचा मुद्दा असा की नव्या जागेवर माणसाला सुरुवातीला आपण नाटक करतो आहोत असे वाटतेच. जुन्या जागी जे सहज होते तेवढेच खरे मानून चालले, तर माणूस वाढायचा थांबतो. तुम्ही सोळा वर्षांत जी वागणूक कमावली ती बरोबरीच्या माणसांमधली होती. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून कर्जाचे गाऱ्हाणे सांगणारा मोल्डर खराच होता, पण इन्चार्जने तेच गाऱ्हाणे शिफ्टसमोर सांगितले की त्याची सूचना होते. तेव्हा नव्या खुर्चीत अवघडल्यासारखे वाटते म्हणून आपण खोटे झालो, असे समजू नका.

मग नेत्याने खरे काय बोलावे? आपल्या गावाशी जोडलेले एक उदाहरण इथे उपयोगी पडेल. टिळकवाडीतील काँग्रेस विहीर तुम्ही पाहिली असेलच. डिसेंबर १९२४ मध्ये इथे काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि गांधीजी आयुष्यात एकदाच, याच अधिवेशनात, काँग्रेसचे अध्यक्ष झाले. त्याच्या पाच वर्षे आधी, १९१९ मध्ये, रौलट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहात हिंसा उसळल्यावर त्यांनी नडियादच्या सभेत जाहीर सांगितले होते की लोकांची तयारी होण्याआधीच त्यांना सत्याग्रहाची हाक देण्यात आपली हिमालयाएवढी चूक झाली. त्यांची पुष्कळ टिंगल झाली. तरीही पाच वर्षांनी बेळगावात अध्यक्षपदी तेच होते. या कबुलीत काय होते आणि काय नव्हते ते नीट पाहा. आपल्या झोपेचे काय झाले, मन किती खचले, याचे वर्णन तिच्यात मुख्य नव्हते. आपला कोणता निर्णय चुकला आणि का चुकला हे होते, आणि पाठोपाठ सत्याग्रह थांबवण्याची कृती होती. ऐकणाऱ्याला त्यातून स्वतःपुरते काही तरी समजत होते. तुमच्या बोलण्यात भीती होती, पण निर्णय नव्हता, त्यामुळे ऐकणाऱ्यांनी आपापले निर्णय घेतले.

आता बैलहोंगलच्या पोराकडे येऊ. वाळू ओली आली होती हे कळूनही तुम्ही गप्प बसलात, आणि माझ्या मते खरेपणाची परीक्षा त्या दिवशी होती. तिथे मनमोकळे भाषण लागत नव्हते, एक वाक्य लागत होते. ते न बोलल्याचे दोन परिणाम झाले असतील. पहिला आपल्या भागाचा आहे. आपल्याकडे कोणत्याही भांडणाला भाषेचे कारण आयते मिळते. साहेब मराठी आणि पोरगा कन्नड, एवढ्यावर कहाणी पूर्ण होते, तिला पुरावा लागत नाही. तुमच्या मनात तसे काही नव्हते हे मी मान्य करतो, पण तुमच्या मौनाने ती जागा मोकळी सोडली आणि मोकळ्या जागेत लोक आपल्या सवयीचे कारण भरतात. शिवाय एक विचारतो: त्या सकाळी मन मोकळे केलेत ते कोणत्या भाषेत? बहुधा मराठीत. म्हणजे तुमच्या निम्म्या माणसांना तुमचे मन अर्धवट कळले आणि राग मात्र पुरता कळला, कारण रागाला भाषा लागत नाही.

दुसरा परिणाम कामावरचा आहे आणि तो अधिक महागात पडतो. एमी एडमंडसन या संशोधिकेने नव्वदच्या दशकात अमेरिकेतील रुग्णालयांत औषधे देण्यातल्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या तुकड्यांत चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले, चांगले नेतृत्व असलेल्या तुकड्यांत नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या. खोलात गेल्यावर दिसले की तिथे चुका जास्त घडत नव्हत्या, त्या सांगितल्या जात होत्या. इतर ठिकाणी त्या दडपल्या जात होत्या. तुमच्या शेडमध्ये हे कसे दिसेल ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. फेटलिंगवाल्याला, म्हणजे ओतलेला पीस घासून साफ करणाऱ्याला, ब्लोहोल (वायूमुळे पडलेले भोक) दिसते, तो साहेबांना सांगायच्या ऐवजी लांबी भरून वरून रंग मारतो, पीस पुढे जातो, आणि मशीन शॉपमध्ये पहिल्याच कटला ते भोक उघडे पडते. तोवर त्या पिसावर मशीनिंगचाही खर्च चढलेला असतो. पोराला फाडून खाल्ल्यावर शेडमध्ये सांगितले जाणारे रिजेक्शन कदाचित घटले असेल. ते खरे घटले की गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन पडले, हे तपासा.

त्या पोरासाठी करायचे काम छोटे आहे. ज्या शिफ्टसमोर रागावलात त्याच शिफ्टसमोर, त्याला समजेल अशा कन्नडमध्ये सांगा की त्या दिवशी साचे त्याच्यामुळे खराब झाले नव्हते, वाळू ओली होती, ती मी तपासली नाही आणि विनाकारण याच्यावर ओरडलो, तप्पु नंदु (चूक माझी). एवढेच. त्याला जोडून 'पण तुम्ही लोकही...' असे काही सुरू करू नका, आणि माफी मागितल्यावर त्याच्या तोंडाकडे क्षमेसाठी पाहत उभेही राहू नका. त्याच दमात पुढचा बदल सांगा: यापुढे शिफ्ट सुरू होताना वाळूचा ओलावा मोजल्याशिवाय पहिला साचा भरायचा नाही. कन्नड मोडकी असली तर असू द्या. साहेब आपल्यासाठी अवघडून बोलतो आहे हे लोकांना कळते.

आणि आता मामा. हे लिहिताना मला संकोच वाटतो, कारण ज्याने हातात थापी दिली त्या माणसाला त्याचा हात चुकतो आहे असे सांगणे आपल्या रीतीत जवळजवळ बसत नाही. पण एक शंका तुमच्यापुढे ठेवतो. मामांच्या पिसांवर तुम्ही बोलू शकत नाही, आणि रिजेक्शनचा आकडा तर रोज समोर येतो. मग तो राग कुठे जातो? ज्याच्याशी तुमचे काहीच देणे लागत नाही, जो नवा आहे, ज्याची भाषा वेगळी आहे, त्याच्यावर. त्या दिवशी तुम्ही पोराला जे बोललात त्यातले किती शब्द खरे तर मामांच्या वाट्याचे होते, हे एकांतात स्वतःला विचारा. माणूस स्वतःला ओळखतो म्हणजे काही फार गूढ घडत नाही. आपला राग जिथे उमटतो तिथे तो जन्मलेला नसतो, हे त्याला वेळेवर कळते, एवढेच.

मामांना न सांगण्याला तुम्ही आदर समजत असाल. मला त्यात तुमची भीती जास्त दिसते आणि आदर कमी. तुमच्याआधी ही गोष्ट इतरांना कळलेली आहे. चाळीस माणसांत अशी गोष्ट लपत नाही. पोरे मामांचे साचे गुपचूप नीट करत असतील, कोअर (पिसात पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवलेला वाळूचा गाभा) सरकलेला दिसला की न बोलता बसवत असतील, आणि मामांनाही ते जाणवत असेल. सोळा वर्षांपूर्वी ज्यांचा शब्द शेडमध्ये चालत होता ते आज सगळ्यांच्या मौनात काम करतात. याहून अपमानकारक काही तुमच्या तोंडून निघणार नाही.

शिवाय यात धोका आहे आणि त्याबाबत मी तुम्हाला सवलत देणार नाही. कोअर सरकला तर पिसाची भिंत एका बाजूला पातळ होते आणि पीस जातो, हे नुकसान पैशाचे. पण लहान फाउंड्रीत मोल्डरच अनेकदा लॅडल (वितळलेले लोखंड ओतायचे भांडे) धरतो. १३५० अंशांच्या वरचे लोखंड ओतणाऱ्याला पायाखालचा ओलावा, लॅडलची कड आणि साच्याचे तोंड स्पष्ट दिसले पाहिजे. ओल्या जागी पडलेला रस वाफेने उसळतो, तेव्हा शेजारचा माणूसही भाजतो. त्यामुळे मामांशी बोलायचे राहिले तरी ओतकामावरून त्यांना उद्याच बाजूला घ्यावे लागेल, आणि न बोलता बाजूला घेतलेत तर ते आयुष्यभर विसरणार नाहीत. म्हणून आजच बोला.

शेडमध्ये नको, ऑफिसात खुर्चीवर बसूनही नको. त्यांच्या घरी जा किंवा शिफ्ट सुटल्यावर त्यांच्याबरोबर चालत निघा. हवापाण्याच्या गप्पा फार लांबवू नका. वाईट बातमी आणणारा माणूस किती वेळ गोड बोलतो यावरून ऐकणाऱ्याला ती किती वाईट आहे हे कळत असते. साधारण असे म्हणता येईल: 'मामा, तीन-चार महिने झाले, तुमच्या साच्यांत कोअर सरकलेले दिसतात. मी बघितलं आणि बोललो नाही, कारण हे काम मी तुमच्याकडं शिकलो आणि तुम्हाला सांगायला माझी जीभ रेटली नाही. ते माझं चुकलं. डोळे तपासून घेऊ या, मी बरोबर येतो. तोवर ओतायला तुम्ही जाऊ नका.' यात तुमचे मन आहे, पण ते एकाच वाक्यात आहे, आणि ते मामांना ओझे देत नाही, उलट इतक्या दिवसांच्या मौनाचे कारण त्यांना कळते. बाकी सगळे त्यांच्याविषयी आहे.

मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रियेनंतर बहुधा नजर सुधारते. साधा चष्मा लागलेला असण्याचीही शक्यता आहे. मामा ईएसआयमध्ये (कामगार राज्य विमा योजनेत) असतील तर तपासणी आणि उपचार त्यातून होतात, कार्ड आणि कागद तुम्ही स्वतः बघून द्या. काम कोणते द्यायचे हे आधीच ठरवून जाऊ नका, त्यांनाच विचारा. मला सुचते ते एवढेच, की जुन्या मोल्डरला मुठीत वाळू दाबून तिचा ओलावा कळतो. मोल्डिंगच्या वाळूत तो साधारण ३ ते ४ टक्के लागतो, तुमच्याकडे मोजायचे यंत्र असेलच, पण यंत्र वाळू मळायच्या मिलजवळ असते आणि वाळू साच्यापर्यंत येताना बदलते. बैलहोंगलच्या पोराच्या दिवशी मामा वाळूवर असते तर कदाचित हे पत्र तुम्हाला लिहावे लागले नसते. मात्र ही गोष्ट सांत्वन म्हणून पुढे करू नका. दयेने दिलेले काम जुन्या कारागिराला लगेच ओळखू येते.

ते चिडतील, हे गृहीत धरा. 'मी शिकवलेला पोरगा मला शिकवायला आला' असे म्हणतील, दोन दिवस कामावर येणारही नाहीत. त्या वेळी स्वतःची बाजू मांडायची जी ऊर्मी येईल ती आवरा. त्यांच्या रागाला तुमच्याकडून उत्तर नको आहे. निरोप्या पाठवू नका, स्वतः जा, आणि ओतकामाची अट मात्र शिथिल करू नका.

तुमच्या भीतीचे काय करायचे हे राहिले. ती खरी आहे आणि तिला जागा हवी, पण ती जागा शिफ्टसमोर नाही. उद्यमबाग, मच्छे, होनगा या पट्ट्यात तुमच्यासारखे इन्चार्ज पुष्कळ आहेत. मोल्डिंगवरून वर आलेला, तुमच्या पगाराशी ज्याचा संबंध नाही असा एखादा गाठा आणि त्याच्याशी महिन्यातून एकदा बसून बोला. बायकोलाही सांगा, पण तिच्या तक्रारीचा अर्थ वेगळा दिसतो. तुम्ही काही सांगत नाही असे ती म्हणत नाही, तुम्ही घरी आलेलेच नसता असे म्हणते. त्यासाठी एक साधी सवय सांगतो. हीटची, म्हणजे भट्टीच्या प्रत्येक ओतीची, नोंद तुम्ही करताच: वेळ, तापमान, किती साचे. शिफ्ट संपली की स्वतःच्या वहीत, दिवसात ज्या वेळी आवाज चढला त्या वेळेपुढे, त्याच्या लगेच आधी मनात काय होते ते एका शब्दात लिहा. भीती, लाज, दमणूक, मत्सर, जे असेल ते. 'टेन्शन' हा शब्द चालणार नाही, तो सगळ्यालाच लागतो. २००७ मध्ये मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की समोरच्या चेहऱ्यावरील भावनेला नेमके नाव दिले की मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची खळबळ कमी होते. प्रयोगशाळेतला चेहरा आणि भट्टीपुढचा माणूस यांत अंतर आहे हे मला मान्य आहे, पण वहीला खर्च काही नाही, आणि पंधरा दिवसांनी मागची पाने चाळल्यावर कोणत्या वेळी कोणत्या माणसावर तुमचा आवाज चढतो हे तुम्हालाच दिसेल. ती वही कुणाला दाखवू नका.

शेवटी मालक. तुमच्या पत्रातले सर्वांत कमी प्रामाणिक वाक्य 'होईल साहेब' हे आहे. खाली नको तेवढे बोललात आणि वर मुळीच बोलला नाहीत. मालकांना तुमची झोप सांगायची गरज नाही. गेल्या तीन महिन्यांचे रिजेक्शन कारणवार मांडा: वाळूमुळे किती, कोअरमुळे किती, थंड ओतल्याने किती, आणि नवी माणसे आल्यामुळे किती. त्यातले कोणते तुम्ही महिन्याभरात कमी करू शकता, कोणत्यासाठी खर्च लागेल, आणि कोणती डिलिव्हरीची तारीख पाळता येणार नाही, ते आकड्यांसह सांगा. ज्या दोन पोरांना तुमच्या बोलण्यामुळे जावेसे वाटले त्यांचाही उल्लेख करा, तो तुमच्या खात्यावरचा आहे. मालक त्या दिवशी नाराज होतील. तरीही बाहेरचा माणूस आणायचा की नाही हे त्यांना कागद बघून ठरवता येईल, आणि तो आणलाच तर त्याच्या हाती देण्यासारखी माहिती तुमच्याकडे तयार असेल. हा कागद घेऊन जाण्याआधी मामांशी बोलणे झालेले असू द्या. त्यांच्या पिसांचा आकडा त्यांनी मालकांकडून ऐकता कामा नये.